वाचलेलं-पाहिलेलं नोंदवायचं कुठे? गुडरीड्स, स्टोरीग्राफ, मायॲनिमेलिस्ट, ॲनिलिस्ट आणि लेटरबॉक्स्डचा बारकाईने आढावा

फेब्रुवारीत संपवलेलं पुस्तक डिसेंबरमध्ये आठवतं. पण ते या फेब्रुवारीत संपवलं की त्याच्या आदल्या, इथे गाडी अडते. वर्षभराच्या यादीचा सगळा डोलारा या एका तारखेवर उभा असतो, आणि पुस्तकं, ॲनिमे (जपानी ॲनिमेशन), सिनेमे यांची नोंद ठेवणाऱ्या प्रत्येक सेवेची तारीख विचारण्याची पद्धत वेगळी आहे. कुणी संपवल्याची तारीख धरतं, कुणी सुरू केल्याची, तर कुणी तुम्ही बटण कधी दाबलं तीच लिहून मोकळं होतं. म्हणून या आढाव्यात दिसण्या-वागण्याला कमी आणि तारखेला जास्त गुण दिले आहेत. तिन्ही प्रकारांना सारखाच न्याय देणारी एकही सेवा मला सापडली नाही. तीन ठिकाणी नोंद ठेवायची आणि जानेवारीत तिन्ही फाइली एका शीटमध्ये आणायच्या, हाच मार्ग टिकतो.

सिनेमांपासून सुरुवात करू, कारण तिथे निवड सोपी आहे. लेटरबॉक्स्ड २०११ मध्ये न्यूझीलंडमधल्या ऑकलंड इथून सुरू झालं. मॅथ्यू ब्युकॅनन आणि कार्ल फॉन रँडो हे त्याचे संस्थापक. २०२३ मध्ये टायनी या कॅनेडियन कंपनीने त्यातला ६० टक्के हिस्सा घेतला. सिनेमांची मूळ माहिती टीएमडीबी या सिनेमे-मालिकांच्या माहितीकोशावरून येते, त्यामुळे एखाद्या सिनेमाचं साल किंवा पोस्टर चुकीचं असेल तर दुरुस्ती टीएमडीबीवर करावी लागते, लेटरबॉक्स्डवर नाही. रेटिंग अर्ध्या ताऱ्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत, म्हणजे एकूण दहा पायऱ्या. एवढ्या पुरतात.

या सेवेचा जीव आहे तिची डायरी, आणि नवा माणूस फसतो तोही तिथेच. सिनेमाच्या पानावर डोळ्याचं चिन्ह असतं. ते दाबलं की सिनेमा ‘पाहिलेला’ ठरतो, पण तो कधी पाहिला याची कसलीही नोंद होत नाही. डायरीत ओळ यायची तर नोंदीचा फॉर्म उघडावा लागतो आणि त्यातली पाहिल्याच्या तारखेची खूण चालू ठेवावी लागते. ती खूण काढली तर परीक्षण जतन होतं, डायरीत मात्र काहीच येत नाही. वर्षभर नुसतं डोळ्याचं चिन्ह दाबणाऱ्याच्या हाती डिसेंबरमध्ये कोरी डायरी येते. आधी पाहिलेला सिनेमा पुन्हा पाहिला असेल तर रीवॉचची खूण वेगळी करायची. ती विसरली की वर्षात ‘पहिल्यांदा पाहिलेले किती’ हा आकडा फुगतो.

झालेली चूक दुरुस्त करता येते. सेटिंग्जमध्ये डेटा या भागातून सगळी माहिती एक्स्पोर्ट करा. एक झिप फाइल मिळते. तिच्यात डायरी, वॉच्ड, रेटिंग्ज, रिव्ह्यूज, वॉचलिस्ट अशा वेगवेगळ्या सीएसव्ही (शीटमध्ये उघडणाऱ्या साध्या मजकुराच्या) फाइली असतात. वॉच्ड फाइलमधला ‘डेट’ हा रकाना तुम्ही डोळा कधी दाबला ते सांगतो. पाहिल्या दिवशीच दाबायची सवय असेल तर तीच तारीख चालते. डायरीत नसलेल्या तेवढ्याच ओळी नव्या फाइलमध्ये घ्या, रकान्यांना टायटल, इयर आणि वॉच्डडेट अशी नावं द्या (इंग्रजीत, आणि वॉच्डडेट हा एकच शब्द, मधे जागा न सोडता), तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहा आणि आयात करा. एकाच नावाचे अनेक सिनेमे असतात, म्हणून इयर गाळू नका. टीएमडीबी किंवा आयएमडीबीचा क्रमांक हाताशी असेल तर त्याचा रकाना जोडावा. त्याने जुळणी जवळजवळ चुकत नाही.

डायरीच्या फाइलमध्येही एक खाच आहे. तिच्यात दोन तारखा असतात, ‘डेट’ आणि ‘वॉच्ड डेट’. पहिली नोंद केल्याची, दुसरी पाहिल्याची. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पाहिलेले चार सिनेमे २ जानेवारीला नोंदवले असतील आणि गाळणी पहिल्या रकान्यावर लावली, तर चारही पुढच्या वर्षात जाऊन बसतात. गाळणी कायम वॉच्ड डेटवरच लावायची.

लेटरबॉक्स्डचे दोन दोष खरे आहेत. सविस्तर आकडेवारीची पानं पैसे भरणाऱ्यांसाठी आहेत, आणि डायरीच्या एक्स्पोर्टमध्ये सिनेमाची लांबी मिळत नाही. त्यामुळे फुकट खात्यावर ‘एकूण किती तास पाहिले’ हे काढायचं तर मिनिटं हाताने भरावी लागतात. शिवाय पाच मिनिटांची शॉर्टफिल्म आणि तीन तासांचा सिनेमा दोन्ही ‘एक’ म्हणूनच मोजले जातात. शॉर्टफिल्म बऱ्याच पाहत असाल तर त्यांना सुरुवातीपासून एक टॅग लावत जा. टॅग एक्स्पोर्टमध्ये येतात, त्यामुळे नंतर त्या वेगळ्या काढायला दोन मिनिटं लागतात.

ॲनिमेचं गणित यापेक्षा बरंच किचकट आहे. इथे मोजायचं काय, यावरच एकमत नाही.

मायॲनिमेलिस्ट २००४ पासून आहे आणि मालिकेचा प्रत्येक सीझन, सीझनचा प्रत्येक खंड, विशेष प्रसारण ही स्वतंत्र नोंद धरतं. ‘अटॅक ऑन टायटन’ची मुख्य कथा घ्या. पहिला सीझन २५ भागांचा, दुसरा १२, तिसरा १२, तिसऱ्याचा दुसरा खंड १०, अंतिम सीझन १६, त्याचा दुसरा खंड १२, आणि शेवटी दोन लांबलचक विशेष भाग (दोन्ही मिळून एकच नोंद). मायॲनिमेलिस्टवर या सात नोंदी होतात. टीएमडीबीवर हीच एक मालिका आहे. म्हणजे सबंध मालिका एका वर्षात पाहणाऱ्याने ‘यंदा सात ॲनिमे पूर्ण केले’ म्हटलं तरी बरोबर आणि ‘एक’ म्हटलं तरी बरोबर! म्हणून नोंदींची संख्या वर्षाचा आकडा म्हणून वापरूच नये. भाग मोजावेत, जमलं तर मिनिटं. टीव्ही ॲनिमेचा एक भाग साधारण २४ मिनिटांचा. १२ भागांचा एक कूर (साधारण तीन महिन्यांचं प्रसारण) म्हणजे २८८ मिनिटं, पावणेपाच तासांहून थोडं जास्त. सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं प्रत्येकी दीड मिनिटाचं असतं. ती दोन्ही पुढे सरकवत असाल तर एका कूरमागे ३६ मिनिटं कमी धरा.

कूरचं वेळापत्रक वर्षाच्या हिशेबात आणखी एक पेच टाकतं. नवे ॲनिमे जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये सुरू होतात. ऑक्टोबरमध्ये सुरू झालेला एका कूरचा ॲनिमे डिसेंबरअखेर आटोपतो, पण दोन कूरचा असेल तर मार्च उजाडतो. तो मोजायचा कोणत्या वर्षात? ॲनिलिस्टच्या आकडेवारीत पाहिल्याच्या वर्षानुसार जो आलेख दिसतो तो तुम्ही सुरू केल्याच्या तारखेवर चालतो. गुडरीड्सचं वाचनाचं वर्ष मात्र संपवल्याच्या तारखेवर चालतं. दोन्ही पानं शेजारी ठेवून बेरीज केली तर वर्षाच्या दोन्ही टोकांना गळती होते. माझं ठाम मत आहे की तिन्ही प्रकारांना संपवल्याची तारीखच लावावी. अर्धवट मालिकेवर मत बनलेलं नसतं, आणि वर्षाच्या यादीत मत नसेल तर ती नुसती पावती.

मायॲनिमेलिस्ट की ॲनिलिस्ट? गुण देण्याच्या बाबतीत ॲनिलिस्ट सरळ सरस आहे. शंभरपैकी, दशांशासह दहापैकी, नुसते दहापैकी, पाच तारे किंवा तीन चेहरे, यातली हवी ती पद्धत निवडता येते. मायॲनिमेलिस्टवर १ ते १० पूर्णांकच. वर्षाला चाळीस-पन्नास नोंदी होत असतील तर त्यातल्या निम्म्या ७ आणि ८ वर येऊन थांबतात आणि क्रम लावता येत नाही. दशांशासह दहापैकी ही पद्धत घ्या, ७.४ आणि ७.९ मधला फरक डिसेंबरमध्ये कामाला येतो. स्टुडिओ, आवाज देणारे कलाकार, टॅग यांप्रमाणे आकडेवारी पाहायची सोयही ॲनिलिस्टवर चांगली आणि फुकट आहे. आपली माहिती बाहेर काढायचं म्हटलं की मायॲनिमेलिस्ट पुढे जातं. एक्स्पोर्टच्या पानावरून एक्सएमएल फाइल जीझेड (दाबून लहान केलेल्या) स्वरूपात मिळते आणि इतर सेवा ती आयात करतात, ॲनिलिस्टसुद्धा. माल-सिंक हे ब्राउझरचं एक्स्टेन्शन बसवलं की चालू असलेल्या भागाची नोंद आपोआप होते आणि दोन्ही याद्या एकसारख्या ठेवता येतात. ज्याला मेहनत चालते त्याने नोंद ॲनिलिस्टवर करावी आणि मायॲनिमेलिस्टची यादी बॅकअप म्हणून चालू ठेवावी. मे २०१८ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून मायॲनिमेलिस्ट बरेच दिवस बंद होतं. दुसरी प्रत असण्याचं महत्त्व तेव्हा अनेकांना कळलं.

त्या एक्सएमएल फाइलबद्दल दोन इशारे. तारीख भरलेली नसेल तर तिथे ००००-००-०० असं येतं, आणि एक्सेल ते तारीख म्हणून ओळखत नाही. क्रम लावला की या ओळी भलतीकडेच जाऊन पडतात. आधी त्या शोधून रिकाम्या करा. दुसरं म्हणजे गुण न दिलेल्या नोंदीला ० मिळतो. सरासरी काढताना हे शून्य तसंच राहिलं तर सगळं वर्ष विनाकारण सुमार दिसतं. गुडरीड्सच्या फाइलमध्येही अगदी हेच घडतं: ‘माय रेटिंग’ ० म्हणजे रेटिंग दिलेलंच नाही.

पुस्तकांकडे येऊ. गुडरीड्स २००७ मध्ये सुरू झालं आणि २०१३ पासून ॲमेझॉनच्या मालकीचं आहे. पुस्तकांचा साठा प्रचंड, परीक्षणं भरपूर. जुनं किंवा इंग्रजीखेरीज इतर भाषेतलं पुस्तक सापडण्याची शक्यता इथे सर्वांत जास्त. पण अर्धा तारा अजूनही देता येत नाही, आणि २०२० च्या डिसेंबरपासून नव्या एपीआय चाव्या (दुसऱ्या ॲपला माहिती घेण्याची परवानगी) देणं बंद झाल्यामुळे बाहेरच्या नव्या ॲपना त्याच्याशी जोडून घेता येत नाही. संपवल्याची तारीख कोरी राहिलेलं पुस्तक वाचनाच्या आव्हानात आणि वर्षाच्या पानावर धरलं जात नाही. आकडा कमी वाटला तर ‘माय बुक्स’मध्ये ‘डेट रीड’ हा रकाना चालू करा, त्यावर क्रम लावा आणि कोऱ्या तारखा भरा. बहुतेक वेळा गडबड तिथेच सापडते. एक्स्पोर्टमध्ये एका पुस्तकाला एकच ‘डेट रीड’ येते. तेच पुस्तक दोनदा वाचलं असेल तर आधीच्या वाचनाची तारीख फाइलमध्ये नसते. ती जपायची तर हाताने लिहून ठेवण्यावाचून इलाज नाही.

स्टोरीग्राफ हे नादिया ओडुनायो या प्रोग्रामरने उभं केलं. पाव ताऱ्यापर्यंत रेटिंग, मधेच सोडलेल्या पुस्तकांसाठी वेगळा दर्जा, आणि पुस्तकाची मनोवस्था व गती यांवर बेतलेले आलेख ही त्याची बलस्थानं. वर्षाची पानं, ऐकलेले तास, पुस्तकांची जाडी, कथा आणि कथेतर यांचं प्रमाण, हे सगळं फुकट मिळतं. गुडरीड्सची सीएसव्ही थेट आयात होते, त्यामुळे स्थलांतराला अडचण नाही. आकडेवारीसाठी स्टोरीग्राफ, पुस्तक शोधण्यासाठी गुडरीड्स, अशी विभागणी मला सर्वांत उपयोगी वाटते. लायब्ररीथिंग २००५ पासून आहे, २०२० पासून पूर्ण फुकट आहे आणि मोठ्या ग्रंथालयांच्या सूचीतून माहिती ओढतं. घरातल्या कपाटाची सूची करायला उत्तम, वाचनाच्या वर्षासाठी जरा अवजड.

पानांचा आकडा मात्र गुडरीड्स आणि स्टोरीग्राफ दोन्हीकडे एकाच कारणाने बिघडतो: आवृत्ती. शोधल्यावर जी नोंद सर्वांत वर येते ती तुमच्या हातातल्या प्रतीची असेलच असं नाही. छोट्या आकाराची प्रत, मोठी प्रत आणि ई-बुक यांच्या पानांत शंभर-शंभराचा फरक पडतो. पुस्तक ‘वाचतोय’मध्ये टाकतानाच आवृत्त्यांची यादी उघडून आयएसबीएन हा आवृत्तीचा क्रमांक जुळवा. तो पुस्तकाच्या मागच्या बाजूला बारकोडपाशी असतो; १३ अंकी असेल तर बहुधा ९७८ ने सुरू होतो. ऑडिओबुक ऐकलं असेल तर ऑडिओ आवृत्तीच निवडा, म्हणजे स्टोरीग्राफ ते तासांत धरतं, पानांत मिसळत नाही.

मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, पुस्तकं आणि ॲनिमे या दोन जगांच्या मधोमध अडकलेला. एका खंडाची पानं साधारण १८० ते २००, आणि गुडरीड्सवर प्रत्येक खंड म्हणजे एक पुस्तक. वीस खंडांची मालिका आठवडाभरात वाचली तर वर्षाचं उद्दिष्ट जवळजवळ पुरं होतं आणि वाचनाचा आलेख निरर्थक बनतो. मायॲनिमेलिस्ट आणि ॲनिलिस्ट मांगा प्रकरणं आणि खंड यांत मोजतात, आणि ते जास्त योग्य आहे. मांगा तिकडेच नोंदवा. पुस्तकांच्या यादीत आणू नका. दोन्हीकडे ठेवला तर डिसेंबरमध्ये एकेक खंड शोधून काढत बसावं लागतं.

आता तिन्ही फाइली एकत्र आणणं. हे काम १ जानेवारीनंतरच करा. त्याआधी निघणारी आकडेवारी शेवटच्या दिवसांतलं वाचन-पाहणं सोडून देते. शीटमध्ये एवढे रकाने पुरतात: प्रकार, नाव, प्रदर्शनाचं किंवा प्रकाशनाचं साल, सुरू केल्याची तारीख, संपवल्याची तारीख, लांबी, गुण, पहिल्यांदा की पुन्हा, आणि एका ओळीचं मत. सीएसव्ही एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडू नका. देवनागरी किंवा जपानी नावांच्या जागी चिन्हांचा कचरा दिसतो, कारण तसं उघडताना एक्सेल यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवण्याची पद्धत) बहुधा आपोआप ओळखत नाही. डेटा टॅबमधून मजकूर फाइल आयात करण्याचा पर्याय घ्या आणि एन्कोडिंग ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, निवडा. आयात करतानाच नावाचा रकाना ‘टेक्स्ट’ म्हणून ठरवा, नाहीतर नुसते अंक किंवा तारखेसारखं दिसणारं नाव एक्सेल आपल्या मनाने बदलून टाकतं. गुडरीड्सच्या तारखांत तिरपी रेघ असते, लेटरबॉक्स्ड आणि मायॲनिमेलिस्टच्या तारखांत आडवी. सगळ्या एका साच्यात आणल्याशिवाय क्रम लावू नका. गुडरीड्सच्या फाइलमध्ये आयएसबीएनभोवती बरोबरचं चिन्ह आणि अवतरणं असतात. ती एक्सेलने सुरुवातीचा शून्य खाऊ नये म्हणून आहेत, फाइल बिघडलेली नाही.

ॲनिमे सिनेमे लेटरबॉक्स्डवरही असतात आणि मायॲनिमेलिस्टवरही. दोन्हीकडे नोंदवायला हरकत नाही, पण शीटमध्ये ते दोनदा येतात. मायॲनिमेलिस्टच्या फाइलमध्ये ‘सिरीज टाइप’ हा रकाना आहे. त्यात मूव्ही असलेल्या ओळी सरळ काढून टाका आणि लेटरबॉक्स्डच्या ठेवा, कारण तिथे रीवॉचची प्रत्येक तारीख वेगळी मिळते.

सर्वांत जास्त चूक होते ती गुण एका मापात आणताना. गुडरीड्सचे तारे दुप्पट करून दहापैकी करणं सोपं वाटतं, पण दोन्हीकडे त्या गुणांना सेवेनेच अर्थ दिलेला आहे. गुडरीड्सवर दोन तारे म्हणजे ‘ठीक होतं’, तीन म्हणजे ‘आवडलं’, चार म्हणजे ‘खूप आवडलं’. मायॲनिमेलिस्टवर ४ म्हणजे ‘वाईट’, ५ ‘सर्वसाधारण’, ६ ‘ठीक’, ७ ‘चांगलं’, ८ ‘खूप चांगलं’. दुप्पट केल्यावर ‘ठीक होतं’ असलेलं पुस्तक ‘वाईट’ होतं आणि ‘आवडलेलं’ पुस्तक ‘ठीक’वर घसरतं. अशी पुस्तकं ॲनिमेपेक्षा एक पायरी खाली दिसू लागतात. मी सुचवेन ते कोष्टक असं: एक तारा ३, दोन तारे ५.५, तीन ७, चार ८.५, पाच १०. स्टोरीग्राफचे आणि लेटरबॉक्स्डचे तारे तुम्ही कोणत्या अर्थाने देता हे तुम्हीच ठरवलेलं असतं, त्यामुळे आपल्या दहा-बारा नोंदी पाहून कोष्टक जुळवून घ्या. याउपर तिन्ही प्रकारांची मिळून एकच क्रमवारी लावण्याच्या फंदात पडू नये. चारशे पानांच्या कादंबरीला आणि ९० मिनिटांच्या सिनेमाला एकाच शिडीवर उभं करून हाती काही लागत नाही. प्रत्येक प्रकारात पहिले पाच निवडा, तेवढं पुरे.

अर्धवट सोडलेल्या गोष्टींचा हिशेब राहिला. मायॲनिमेलिस्ट आणि ॲनिलिस्टवर ‘ड्रॉप्ड’ हा दर्जा आहे आणि कितव्या भागावर सोडलं तो आकडा तसाच राहतो. यात एक बारकावा असा की मायॲनिमेलिस्ट सार्वत्रिक सरासरीत तुमचे गुण धरायला मालिकेचा निदान पाचवा हिस्सा पाहिलेला असावा अशी अट घालतं. १२ भागांपैकी दोन पाहून दिलेले गुण तिथे मोजले जात नाहीत, तीन पाहून दिलेले जातात. गुडरीड्सवर स्वतःचं वेगळं शेल्फ तयार करून ते ‘एक्सक्लुझिव्ह’ ठरवता येतं, म्हणजे पुस्तक ‘वाचलेलं’मध्ये शिरत नाही. लेटरबॉक्स्डवर अशी सोय नाही. अर्ध्यात सोडलेल्या सिनेमाला डोळ्याचं चिन्ह लावू नका. त्यासाठी एक खासगी यादी करा आणि नोंदीत कितव्या मिनिटाला थांबलात ते लिहा. एक्स्पोर्टच्या झिपमध्ये याद्यांचं फोल्डर वेगळं असतं, त्यात ती यादी नोंदींसकट मिळते.